तंजावरचे सरफोजी राजे आणि डोळ्यांची चित्रे

तंजावर हे नाव शालेय इतिहासात एका परिच्छेदापुरते येते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे राज्य स्थापन केले, दक्षिण दिग्विजयाच्या वेळी दोघा भावांची भेट झाली, एवढे सांगून पुस्तक पुढच्या पाठाकडे वळते. हे मराठी राज्य त्यानंतरही १८५५ पर्यंत टिकले, तमिळ मुलखाच्या मधोमध तेथे मोडीत जमाखर्च लिहिला गेला आणि विष्णुदास भाव्यांच्या कितीतरी आधी मराठी नाटके रचली गेली, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावरही आलेले नसते. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांचे चरित्र येथे सांगावयाचे आहे. त्यांचे ग्रंथालय प्रसिद्ध आहे आणि मराठीच्या वर्गात त्याचा उल्लेखही होतो. माझे मन मात्र त्या ग्रंथालयातील कागदपत्रांच्या एका लहानशा संग्रहात गुंतले. ते कागद डोळ्यांच्या रोग्यांचे आहेत, आणि रोग्यांच्या हकिगतीबरोबर त्यांत डोळ्यांची रंगवलेली चित्रे आहेत.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांनी या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला केली. तुळजाजी वारले आणि त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तकविधान शास्त्राला धरून आहे की नाही यावर पंडितांची मते मागवण्यात आली. ती सरफोजींच्या विरुद्ध पडली, आणि कंपनी सरकारने अमरसिंहांना राजा मानले.

पुढची काही वर्षे या मुलाने राजवाड्यात जवळजवळ कैदेत काढली. त्याला एका अंधाऱ्या जागेत ठेवले होते, शिकवायला कोणी नव्हते, असे श्वार्ट्झच्या चरित्रावरून दिसते. श्वार्ट्झने मद्रासला तक्रारी केल्या, आणि अखेर १७९३ मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलवण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. सोळा वर्षांच्या वयात ज्याचा अभ्यास नव्याने सुरू होतो, त्याला आपण मागे पडल्याची खंत असते. पण सरफोजींनी मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी तर आत्मसात केलीच, शिवाय युरोपातील इतर भाषांतही लक्ष घातले. राजघराण्यातील मुलाला साधने मिळाली हे खरे, परंतु साधने मिळालेल्या सगळ्यांनी असा अभ्यास केल्याचे इतिहासात आढळत नाही.

दत्तकाचा प्रश्न पुन्हा उकरला गेला, निराळ्या पंडितांनी निराळा निर्णय दिला, आणि जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला होता. त्याच्या स्मरणार्थ सरफोजींनी इंग्लंडमधील शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरचा वृद्ध मिशनरी आणि त्याच्या शेजारी तरुण राजा असे ते दृश्य आहे. धर्म मात्र सरफोजींनी बदलला नाही.

गादी मिळाली, पण राज्य राहिले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. येथे आपल्या भागाची आठवण होते. डिसेंबर १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरण्याचे काम सरफोजींनी पूर्ण करवले, आणि नेमक्या त्याच महिन्यात नागपूरकर रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागून वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख गमवावा लागला. घराणी निराळी, आडनाव एक. दोन्हीकडे कंपनी सरकार तेच.

सत्ता नसलेल्या राजाने काय करावे, याची उत्तरे त्या काळच्या अनेक दरबारांत शिकार, नाच आणि कर्ज अशी मिळाली. सरफोजींनी पुस्तके, यंत्रे आणि माणसे जमवली. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. ईसापच्या गोष्टींचे सखण्णा पंडितांनी केलेले मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने तेथे १८०६ साली छापले गेले. बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरेचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले होते, म्हणजे मराठी छपाईच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत तंजावरचे हे पुस्तक मोडते. ओरतनाडू येथे त्यांनी मुक्तांबा छत्र उभारले. तेथे वाटसरूंना अन्न मिळे, मुलांना शिकवले जाई आणि आजाऱ्यांना औषधपाणी दिले जाई. 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. त्यात एक कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी बाई, जगाचा भूगोल सांगते. नाटकाचा विषय म्हणून भूगोल घेणे आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण यावरून राजाचा कल कळतो.

इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर 'मनोरा' नावाची आठ मजली इमारतही बांधली. नेपोलियनच्या पराभवाचा आनंद तंजावरच्या राजाने का मानावा, असे आज वाचताना वाटते. चरित्र सांगताना हा भाग गाळावा असे मला वाटत नाही.

१८२० साली सरफोजी मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले. वाटेत आणि काशीत त्यांनी हस्तलिखिते मिळवली. मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरला आला. लाव्हाझिए, लिनीअस, ब्युफाँ यांच्या शास्त्रीय ग्रंथांवर हा हिंदुस्थानी राजा सहज बोलतो, याचे त्याला मोठे आश्चर्य वाटले. थोड्याच दिवसांनी, ३ एप्रिल रोजी, हेबर त्रिचनापल्लीला वारला.

वैद्यक हा सरफोजींचा सर्वांत आवडता विषय होता. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था काढली. तेथे आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध पद्धतीचे वैद्य आणि युरोपीय वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करीत. औषधांचे पाठ अनुभवाने पारखून लिहून ठेवले जात. त्यांतील पुष्कळसे तमिळ पद्यात रचले गेले आणि 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने पुढे प्रसिद्ध झाले. शरभेंद्र म्हणजे शरभोजी, आपले सरफोजीच. डोळ्यांच्या रोगांवरील औषधेही त्यांत आहेत.

याच कामाचा एक भाग म्हणजे वर सांगितलेले डोळ्यांच्या रोग्यांचे कागद. काही मोडीत आहेत, काही इंग्रजीत. रोगी कोण, त्याला काय होते, डोळा कसा दिसतो, काय उपचार केला, नंतर काय झाले, असे त्यांत क्रमाने नोंदले आहे, आणि त्यासोबत डोळ्याचे चित्र आहे. बाहुलीत साकळलेला पांढरा मोतीबिंदू, बुबुळावरचे वडस, डोळ्याची लाली, जे दिसले ते चित्रकाराने रंगात उतरवले. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होत, त्या राजे स्वतः करीत असे सांगितले जाते. सोबत इंग्रज डॉक्टरही असत.

सरफोजींचे गोडवे गाणारे काही लेख त्यांना नेत्रशल्यविद्येचे जनक ठरवून टाकतात. हे बरोबर नाही. मोतीबिंदू सुईने खाली ढकलण्याची रीत आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासून होती, आणि फ्रान्सच्या दाव्हिएल याने अठराव्या शतकाच्या मध्याला भिंग बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली होती. सरफोजींचे मोठेपण मला रोग्यागणिक कागद ठेवण्यात आणि डोळ्याचे चित्र काढवून घेण्यात दिसते. छायाचित्राचा शोध लागायच्या आधी, एका सामान्य रोग्याच्या एका डोळ्यासाठी दरबारी रंग खर्ची घालावेत असे त्यांना वाटले. दरबारात चित्रे राजाराण्यांची काढतात.

आता प्रश्न असा, की ही चित्रे रोगाच्या निदानाला कितपत उपयोगी होती? चित्रकार कितीही कसबी असला तरी त्याला डोळ्याची पुढची बाजूच दिसे. मोतीबिंदू पुढेच, बाहुलीच्या मागच्या भिंगात असतो, म्हणून तो चित्रात येतो. पण डोळ्याचा आणखी एक रोग आहे, काचबिंदू. त्यात बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढतो आणि डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाणारी दृष्टिनाडी हळूहळू मरत जाते. तो अचानक उसळला तर डोळा लाल होतो, भयंकर दुखतो, बाहुली मोठी होते आणि तिच्यात हिरवट झाक दिसते. तेवढे चित्रकाराला टिपता येईल. परंतु त्याचा जो प्रकार पुष्कळदा चोरपावलांनी येतो, त्यात काहीच दुखत नाही आणि डोळा बाहेरून निरोगी दिसतो. आधी कडेचे दिसणे जाते, मधले शेवटपर्यंत राहते, म्हणून रोग्यालाही कळत नाही. अशा डोळ्याचे हुबेहूब चित्र काढले तर ते चांगल्या डोळ्याचेच चित्र होईल.

त्या काळचे जाणते शल्यवैद्य याला थोडाबहुत उपाय करीत. मोतीबिंदूला हात लावण्यापूर्वी रोग्याला उजेड कळतो का, कोणत्या बाजूने कळतो, उजेड पडला की बाहुली आकसते का, हे ते पाहत. बाहुली हलत नसेल तर मागची नाडी गेली असण्याचा संभव, मग मोतीबिंदू काढून काय उपयोग? चित्रातली बाहुली हलत नाही. म्हणून त्या कागदांत चित्राला लिखित मजकुराची जोड आहे याला महत्त्व आहे.

हा भेद आजही किती अवघड जातो, हे आमच्या घरात घडले आहे. माझ्या आजोबांना कमी दिसू लागले तेव्हा गावात सर्वांनी मोतीबिंदू ठरवला. मोतीबिंदू पिकला की काढायचा, असे आपल्याकडे म्हणतात, म्हणून दोन वर्षे पिकण्याची वाट पाहिली. तपासणीला नेले तेव्हा मोतीबिंदू होताच, पण त्याच्या मागे काचबिंदूही होता, आणि एका डोळ्याची नाडी संपली होती. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही. थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने उरलेली तेवढी राखता येते. देशात चाळिशीपुढच्या १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० सालचा अंदाज आहे, आणि तमिळनाडू व आंध्रातील पाहण्यांत ज्यांना तो आढळला, त्यांच्यापैकी दहांतल्या नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हते.

डोळ्याच्या मागची नाडी जिवंत माणसात पाहता येणे सरफोजींच्या हयातीत शक्य नव्हते. ते १८३२ साली वारले. जर्मनीत हेल्महोल्ट्झ याने बाहुलीतून आत पाहण्याचे उपकरण तयार केले ते १८५१ साली प्रसिद्ध झाले. मग प्रश्न सुटला असे वाटेल. पण गंमत पुढेच आहे. व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगर याने १८५४ मध्ये काचबिंदू झालेल्या डोळ्यातील नाडीच्या तोंडाचे चित्र काढले. तो त्या काळचा अत्यंत काटेकोर चित्रकार-डॉक्टर होता, आणि तरीही नाडीच्या तोंडाला सूज येऊन ते फुगले आहे असे त्याने मानले. बर्लिनचा थोर नेत्रवैद्य ग्रेफ यालाही प्रथम तसेच वाटले. वास्तविक तेथे खळगा पडलेला असतो. एका डोळ्याने उपकरणातून पाहताना खोली कळत नाही. चिखलात उमटलेल्या बैलाच्या खुराचे छायाचित्र उलटे धरून पाहा, खूर वर आलेला दिसेल. तशीच ही फसगत होती. १८५६ मध्ये हाइन्रिक म्यूलर याने मृताचा डोळा कापून खळगा दाखवला आणि वाद मिटला. चित्रातली रेघन् रेघ बरोबर होती, तिचा अर्थ चुकीचा लावला होता.

१८८६ साली डोळ्याच्या आतली पहिली छायाचित्रे निघाली. १९९१ मध्ये ओसीटी हे तंत्र आले. यात प्रकाशाचा झोत डोळ्यात सोडून निरनिराळ्या थरांवरून परत येणाऱ्या किरणांवरून थरांची जाडी मोजतात. नाडीच्या तंतूंचा थर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजून यंत्र त्याची निरोगी लोकांच्या मोजमापांशी तुलना करते आणि हिरवा, पिवळा, लाल असे रंग देते. दृष्टी अधू होण्याच्या कितीतरी आधी थर पातळ झालेला कळतो, हा त्याचा मोठा फायदा.

पण लाल रंग म्हणजे काचबिंदू, हिरवा म्हणजे निरोगी, असे सरळ गणित नाही. लांबचे न दिसणाऱ्या, जाड चष्म्याच्या माणसाच्या डोळ्याची घडणच निराळी असते; त्याला रोग नसताना यंत्र लाल दाखवते. उलट, एखाद्याचा थर जन्मतःच जाड असेल तर बराच झिजूनही तो हिरव्यातच राहतो. दाट मोतीबिंदू असेल तर प्रकाश नीट आत जात नाही आणि थर आहे त्याहून पातळ भासतो. म्हणजे जेथे दोन्ही रोग एकत्र असतात, तेथेच प्रतिमेवर भरवसा कमी. रोग फार पुढे गेला की थर आणखी पातळ व्हायचाच थांबतो, आणि मग रोग वाढतो की नाही हे यंत्राला सांगता येत नाही. रोग्याला पुढे ठिपक्यांचे दिवे दाखवून कडेचे किती दिसते ते तपासावे लागते. दाबावरही सगळे अवलंबून ठेवता येत नाही, कारण दाब ठीक असूनही नाडी झिजल्याची उदाहरणे असतात. म्हणून डॉक्टर दाब मोजतात, नाडी स्वतः पाहतात, कडेचे दिसणे तपासतात, घरात आणखी कुणाला होता का ते विचारतात, आणि त्या सगळ्यांशेजारी ओसीटीचा कागद ठेवतात. काही महिन्यांनी पुन्हा तेच करतात, कारण एकाच डोळ्याच्या दोन वेळच्या प्रतिमांत पडलेला फरक पुष्कळ सांगून जातो. सरफोजींच्या कागदांत उपचारानंतर काय झाले हे नोंदलेले असते, ते मला याच कारणाने फार शहाणपणाचे वाटते. पाठीमागचे पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. पण आज पाहिले ते उद्याच्या पाहण्याशी ताडता यावे म्हणून जपून ठेवायचे, हे त्यांनी केले होते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी निवर्तले. चौतीस वर्षे ते राजे होते, त्यांतले जेमतेम एक वर्ष कारभार त्यांच्या हाती होता. त्यांच्या मागून पुत्र शिवाजी गादीवर आले. ते १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. नागपूरचे राज्य त्याच्या आदल्याच वर्षी अशाच सबबीवर गेले होते. धन्वंतरी महाल उरला नाही. ग्रंथालय मात्र वाचले. १९१८ मध्ये ते सार्वजनिक झाले आणि आज त्यात ४९ हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. या शतकात चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्या रोग्यांच्या कागदांवर लिहिले आणि काही चित्रे छापून प्रसिद्ध झाली. इंग्रजी कागद ते थेट वाचू शकले. मोडीतल्या कागदांसाठी त्यांना मोडी जाणणाऱ्यांची मदत घ्यावी लागते, आणि तंजावरच्या दप्तरात मोडीचे रुमाल फार मोठ्या संख्येने आहेत.